अर्ध्यावरच्या पुस्तकाबद्दल बोलायला शिकताना

"अजून संपलं नाही हो, एवढ्यात काय बोलू?" आमच्या वाचनकट्ट्यावर नवीन आलेलं माणूस पहिल्या रविवारी बहुतेक वेळा हेच म्हणतं. मग ते मागच्या खुर्चीत बसून सगळ्यांचं ऐकतं, पुढच्या महिन्यात पुस्तक संपवून येतं आणि सांगतं, "छान आहे. वाचा सगळ्यांनी." मधला महिनाभर त्याच्या डोक्यात जे चाललेलं असतं, ते आमच्यापर्यंत पोचतच नाही.

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात गेली अकरा वर्षं मी हा कट्टा चालवते. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते बारा. नियम एकच: सध्या हातात असलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं. पुस्तक संपलं की त्याचा शेवट मागच्या सगळ्या पानांवर पसरतो. साठाव्या पानावर तुम्हाला एखाद्या पात्राचा संताप आलेला असतो. पुढे त्या पात्राचे हाल झाले की तो संताप आठवतही नाही, आणि कोणी आठवण करून दिली तर "छे, मला तर पहिल्यापासून त्याची दया येत होती" असं आपण मनापासून सांगतो. त्या साठाव्या पानावरचे तुम्ही पुन्हा सापडत नाही. म्हणून अर्ध्यावरचं मत तेव्हाच धरून ठेवायचं असतं. ते कसं धरायचं आणि चार माणसांत कसं मांडायचं, हे नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

उदाहरणासाठी मी बहुतेक ठिकाणी एकच पुस्तक घेणार आहे, विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. वरसईचा एक गरीब भिक्षुक घरचं कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघतो. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे चांगली दक्षिणा मिळेल, अशी त्याला आशा. साल 1857. तो निघतो आणि बंडाच्या धामधुमीत सापडतो. झाशीचा वेढा त्याने गावात राहून पाहिला. पंचवीसेक वर्षांनी त्याने हे सगळं लिहून काढलं. आमच्या कट्ट्यावर हे पुस्तक आम्ही पाचजण एकाच वेळी वाचत होतो, आणि पाचही जण वेगवेगळ्या पानांवर होतो.

आधी आपण कुठे आहोत ते सांगा

बोलायला सुरुवात करताना तीन गोष्टी सांगून टाका: पुस्तकाची कुठली आवृत्ती वाचताय, कुठपर्यंत आलात, आणि ही पहिलीच वेळ आहे की दुसरी. यात अर्धं मिनिटही जात नाही, पण ऐकणाऱ्याला तुमच्या शेजारी येऊन उभं राहता येतं.

पानाचा आकडा एकटा पुरत नाही. आवृत्ती बदलली की पानं बदलतात. "एकशे दहावं पान" म्हणण्याऐवजी "ग्वाल्हेर सोडलं, झाशीत शिरायच्या बेतात आहे" असं सांगितलं तर कुणालाही कळतं.

आवृत्तीचं महत्त्व मला 'माझा प्रवास'नेच शिकवलं. हे पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं ते 1907 साली, चिंतामणराव वैद्यांनी. वैद्यांनी त्यात बरंच संपादन केलं, काही मजकूर गाळला, काही बदलला. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आणली. आमच्यापैकी दोघांकडे एक परंपरा होती, तिघांकडे दुसरी. पाऊण तास वाद चालला की गोडसे भटजी एका प्रसंगात जरा जास्तच मोकळेपणाने लिहितात की नाही. शेवटी दोन प्रती टेबलावर शेजारी ठेवल्या तेव्हा लक्षात आलं, वाद ज्या ओळींवरून चालला होता त्या एका प्रतीत नव्हत्याच. तेव्हापासून मी प्रत्येकाला पुस्तक उघडून पहिली दोन पानं, म्हणजे आवृत्तीची माहिती असलेलं पान, वाचायला लावते.

अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव घ्यायला विसरू नका. भैरप्पांचं 'पर्व' मराठीत वाचताना डोळ्यांपुढे असलेलं प्रत्येक वाक्य उमा कुलकर्णींनी घडवलेलं आहे. "भैरप्पांची भाषा किती साधी" असं म्हणण्याआधी क्षणभर थांबावं.

चिठ्ठी

वही काढली की माणूस 'लिहायला' बसतो आणि मग वाचायचं राहून जातं. त्यामुळे मी वही सुचवत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे मागचे कोरे भाग कापून घ्या, तळहाताएवढे. एक चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून घाला. वाचन थांबवाल तेव्हा तिच्यावर तारीख टाका, ठिकाण टाका आणि दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत पुस्तकात काय घडलं, दुसरीत तुम्हाला काय झालं. चिठ्ठी भरली की ती तिथेच ठेवून नवी घ्या.

दोन ओळी वेगळ्या ठेवण्याला कारण आहे. "कंटाळा आला" एवढंच लिहिलं तर आठ दिवसांनी कशाचा ते आठवत नाही. "यज्ञाच्या तयारीची वर्णनं चालू आहेत. मला कंटाळा आला, लढाई कधी येणार असं वाटतंय." ही माझी स्वतःची चिठ्ठी आहे. आज ती वाचताना मला थोडी लाज वाटते, पण तिच्यामुळेच कळतं की मी हे पुस्तक कसल्या अपेक्षेने उघडलं होतं.

चिठ्ठीत शुद्धलेखन बघू नका, वाक्यं पूर्ण करू नका. तुमच्या घरी जी बोली आहे त्या बोलीत लिहा. आणि वाचनालयाच्या पुस्तकात पेनने काहीही लिहू नका, ही विनंती मी हात जोडून करते. ते पुस्तक तुमच्यानंतर शंभरजण वाचणार आहेत.

विशेषणं बाजूला ठेवा

नवीन माणसाची खरी अडचण इथे असते, म्हणून यावर जरा रेंगाळते.

मराठीत पुस्तकांबद्दल बोलायची एक तयार भाषा आपल्याला शाळेपासून मिळालेली आहे. ओघवती शैली. जिवंत चित्रण. मनाला भिडणारं. अंतर्मुख करणारं. वाचनीय आणि संग्राह्य. हे शब्द खोटे नाहीत, पण इतक्या पुस्तकांना लावले गेलेत की आता ते कुठल्याच पुस्तकाचे राहिलेले नाहीत. अशी चार वाक्यं बोलून झाल्यावर समोरच्याला पुस्तकाबद्दल काही कळत नाही आणि तुमच्याबद्दलही नाही.

काय करायचं? विशेषण तोंडात आलं की स्वतःला विचारायचं, कुठे? पुस्तकातली एक नेमकी जागा दाखवता आली पाहिजे. मग विचारायचं, त्या जागी मला काय झालं? मी थांबले, मागे जाऊन पुन्हा वाचलं, पुस्तक मिटून ठेवलं, घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवलं, की घाईघाईने पुढे गेले? शरीराने काय केलं ते आठवा, ते फसवत नाही. आणि शेवटी, कशामुळे? याचं उत्तर दर वेळी येईलच असं नाही. नाही आलं तर "का ते कळत नाही" असं सरळ सांगा. कट्ट्यावरची सगळ्यात चांगली चर्चा बहुतेक वेळा याच वाक्यापासून सुरू होते.

आमच्याकडे टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका येतात. 'माझा प्रवास'बद्दल पहिल्या रविवारी ते म्हणाले होते, "त्या काळाचं जिवंत चित्रण आहे. प्रत्येकाने संग्रही ठेवावं." मी विचारलं, "काका, कुठली जागा?" ते जरा गोंधळले. पुस्तक चाळलं, एका चिठ्ठीपाशी थांबले, आणि मग जे बोलले ते मी त्याच दिवशी घरी येऊन लिहून ठेवलं: "मी झाशीच्या वेढ्यापर्यंत आलोय. पण लढाईपेक्षा माझ्या लक्षात राहतंय ते हा माणूस पैशाचा हिशेब कसा ठेवतो ते. अमक्या ठिकाणी इतकी दक्षिणा मिळाली, तमक्या ठिकाणी इतकी. आधी मला हे हलकं वाटलं, एवढं मोठं बंड चाललंय आणि हा रुपये मोजतोय. पण मी पंधरा वर्षं मनीऑर्डरी वाटल्या. घर सोडून कर्ज फेडायला गेलेला माणूस रुपये विसरत नाही."

त्या दिवशी उरलेल्या चौघांनी घरी जाऊन पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उघडलं.

काकांच्या बोलण्यात काय काय होतं पाहा. ते कुठे पोचलेत ते आलं, नेमकी गोष्ट आली, आधीचं मत आलं, बदललेलं मत आलं, आणि ते बदलायला त्यांचं स्वतःचं आयुष्य कारण झालं तेही आलं. स्वतःचं आयुष्य आणताना एक पथ्य पाळा. मनीऑर्डरीचं एक वाक्य पुस्तकावर उजेड पाडतं. नोकरीतल्या आठवणी दहा मिनिटं चालल्या तर पुस्तक अंधारात जातं.

पुस्तक जुनं असेल तर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: मला जे माहीत आहे ते लिहिणाऱ्याला माहीत होतं का? विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 साली आली. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. पुढच्या सहा वर्षांत युरोपात त्यांच्या माणसांचं काय झालं हे आज आपल्याला ठाऊक आहे. कादंबरी लिहिली गेली तेव्हा ते घडायचं होतं. अर्ध्या कादंबरीत तुमच्या छातीवर दडपण आलं असेल, तर त्यातलं किती पानावरून आलं आणि किती तुमच्या माहितीतून, हे वेगळं करून बघा. दोन्ही खरंच आहे, फक्त बोलताना वेगळं सांगा.

प्रस्तावना शेवटी, आणि पुढचं कुणी सांगायचं नाही

मराठी पुस्तकांच्या प्रस्तावना मोठ्या असतात, आणि पुष्कळदा त्यांत गोष्ट सांगून टाकलेली असते, शेवटासकट. शिवाय एवढ्या मोठ्या माणसाने आधीच मत दिलेलं वाचलं की आपलं मत त्याच्या मागे मागे चालायला लागतं. मी नवीन माणसाला प्रस्तावनेच्या पानांना रबर लावायला सांगते, अगदी खरोखरचं. मलपृष्ठावरचा मजकूरही नंतर वाचा. पुस्तक संपलं की प्रस्तावना जरूर वाचा, तेव्हा ती तुमच्याशी गप्पा मारते. 'माझा प्रवास'सारख्या पुस्तकात संपादकाने काय केलं हे कळण्यासाठी तर ती वाचलीच पाहिजे.

तुमच्या पुढच्या पानांवर जे पोचलेत त्यांना आधीच सांगून ठेवा, "मी इथपर्यंत आलेय, पुढचं सांगू नका." यात संकोच करू नका. आणि ज्यांचं पुस्तक वाचून झालंय त्यांनी नुसतं गप्प राहून भागत नाही. "थांबा, पुढे कळेल" असं म्हणून हसणं, मान डोलावणं, "आता आवडतोय ना तो? बघाच" असं म्हणणं, हे सगळं सांगणंच झालं. वाचून झालेल्याने प्रश्न विचारावा: "तुम्हाला आत्ता तो कसा वाटतो?" बस्स.

बोलायची वेळ येते तेव्हा

चार मिनिटं पुरतात. त्यातला गोष्टीचा गोषवारा एक मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका. नवीन माणूस गोष्ट सांगण्यात रमतो, कारण गोष्टीत चुकायची भीती नसते. एक उतारा वाचून दाखवा, आठदहा ओळींचा, आणि घरी एकदा मोठ्याने वाचून पाहिलेला. मोठ्याने वाचल्यावर कितीतरी गोष्टी कळतात. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त मास्तरचं निवेदन एका तऱ्हेचं आणि धनगरांचं बोलणं माणदेशी. डोळ्यांनी वाचताना आमच्याकडची कॉलेजातली एक मुलगी त्या संवादांपाशी अडखळत होती. तिच्या आजीने ते वाचून दाखवले आणि अडथळा संपला. पुढच्या रविवारी ती आजीलाच घेऊन आली.

शेवटी एक प्रश्न ठेवा, आणि तो तुम्हाला खरोखर पडलेला असू द्या. "या माणसाने इतक्या वर्षांनी हे लिहिलं, तर त्याला एवढं तपशिलात आठवतं कसं?" हा प्रश्न आमच्याकडे एका गृहिणीने विचारला होता. त्यावरून स्मरण, ऐकीव गोष्टी आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांची सरमिसळ कशी होते यावर दोन रविवार गेले. गोडसे भटजींनी काय स्वतः पाहिलं आणि काय लोकांकडून ऐकलं, हे आम्ही पेन्सिलीने वेगळ्या कागदावर मांडत बसलो होतो.

मतभेदाचं एक सांगते. आपल्याकडे कट्ट्यावर वयाने मोठी, शिकवलेली माणसं असतात. सरांनी एक सांगितलं की विद्यार्थ्याला वेगळं बोलणं जड जातं. "सर, तुमचं चुकतंय" म्हणायची गरज नाही. "सर, मला त्या पानावर असं नाही वाटलं" एवढं पुरतं, आणि लगेच पान उघडून दाखवायचं. पान समोर आलं की वयाचा प्रश्न मागे पडतो. मोठ्यांनाही माझं सांगणं असतं: नवख्याचं वाक्य पुरं होऊ द्या. तो अडखळतोय म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं नाही असा अर्थ होत नाही.

बोलायला जमतच नसेल तर चिठ्ठी वाचून दाखवा. पहिले तीनचार महिने कितीतरी जण तेवढंच करतात.

आवडत नसेल तर

तेही सांगा, पण दोन गोष्टींत गल्लत करू नका. "मला जड गेलं" हे तुमच्याबद्दलचं विधान आहे, "लेखन फसलंय" हे पुस्तकाबद्दलचं. पहिलं कुणीही कधीही म्हणू शकतं. दुसऱ्यासाठी जागा दाखवावी लागते. पुस्तक सोडून दिलं तरी चालेल. मी स्वतः साठसत्तर पानं वाट बघते. सोडताना शेवटची चिठ्ठी मात्र लिहा, कुठे सोडलं आणि त्या क्षणी काय वाटत होतं. दोन वर्षांनी पुन्हा हातात घ्याल तेव्हा ती उपयोगी पडते.

मत फिरलं तर

फिरू द्या, आणि फिरलं हे मोठ्याने सांगा. नेमाड्यांची 'कोसला' 1963 ची. मी ती पहिल्यांदा वाचायला घेतली तेव्हा त्यातल्या 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'नी मला भंडावून सोडलं होतं. पहिल्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, "हे काय लिहिणं झालं?" शंभरेक पानांनंतरच्या चिठ्ठीवर आहे, "आता हे शब्द काढून वाचून बघितलं, तर बोलणारा माणूसच नाहीसा होतो." पहिली चिठ्ठी मी फेकली असती तर दुसरीला काहीच अर्थ उरला नसता.

आमच्या वाचनालयातल्या एका जुन्या चरित्राच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "इथे लेखकाने पक्षपात केला आहे." पुढे सत्तरऐंशी पानांवर त्याच अक्षरात, जरा बारीक: "मागे लिहिले ते घाईने लिहिले." पुस्तकात लिहू नका असं मी वर सांगितलंच आहे, आणि तरीही हा वाचक कोण होता हे मला फार जाणून घ्यायचं आहे. त्या पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या कागदावर मी किती वेळा नजर फिरवली असेल.

संपल्यावर

शेवटचं पान मिटलं की लगेच मत लिहू नका. सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढून तारखेने लावा आणि सलग वाचा, कुणी दुसऱ्याने लिहिल्यासारख्या. कुठे तुमची अपेक्षा होती, कुठे ती मोडली, कुठे तुम्ही चार दिवस पुस्तकाला हातच लावला नाही, हे सगळं दिसतं. ते पाहून झाल्यावर शेवटची चिठ्ठी लिहा, आणि पुढच्या रविवारी पहिली आणि शेवटची अशा दोनच चिठ्ठ्या वाचून दाखवा. मधल्यांबद्दल कुणी विचारलंच तर त्या हाताशी असतील.

माझ्याकडे 'माझा प्रवास'च्या नऊ चिठ्ठ्या आहेत. पहिलीवर वरसई आणि कर्ज आहे, तिसरीवर यज्ञाचा कंटाळा, सहावीवर काकांच्या मनीऑर्डरी. नवव्या चिठ्ठीवर एकच शब्द आहे. तो इथे लिहीत नाही, तुमच्यापैकी कुणी अजून वाटेत असेल.